प्लॅन मोठा केला, रांग तीच

संपादक महोदय, नमस्कार.

इंदूरच्या लोकमान्य नगरात आमचं एकत्र कुटुंब, तीन भावांची बिऱ्हाडं आणि नेटची लाइन एक. वर्षभर रात्री साडेनऊ वाजले की भांडण ठरलेलंच, काकू म्हणणार पोरांनी गेम लावला म्हणून माझी पुण्याची लेक बोलता बोलता अडकते, पोरं म्हणणार आमचाच गेम अडकतोय. कंपनीला फोन केला की एकच उत्तर, सर प्लॅन वाढवा. वाढवला, शंभर एमबीपीएसचा (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट) दोनशे केला, काडीचा फरक नाही! कारण अपलोड, म्हणजे घरातून बाहेर पाठवायचा वेग, होतं तेवढंच राहिलं, 10 एमबीपीएस, आणि घोळ तिथंच होता. रात्री घरातले अकराच्या अकरा फोन चार्जिंगला लागतात आणि सगळ्यांचे फोटो एकदम बॅकअपला निघतात.

भाच्यानं सांगितलं तेव्हा कळलं की राउटर-मोडेम सहजासहजी काही टाकून देत नाही, सगळं रांगेत धरून ठेवतो, आणि फोटोंच्या मागे गेम अन् कॉलही ताटकळतात. ऐकायला बरं वाटतं, पण पॅकेट (नेटवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा) गळणं हीच तर फोनला गर्दीची खूण असते, गळलं की वेग कमी करायचा, जुन्या पद्धतीत सरळ निम्मा, मग हळूहळू वाढवायचा. ही शिस्त नव्हती तेव्हा, 1986 मधे, अमेरिकेत बर्कलेला जेमतेम 400 यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग, म्हणजे राजवाड्यावरून सराफ्यात चालत जावं एवढं अंतर, सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 वर आला. चाळीस हजार नाही, चाळीस! संशोधक व्हॅन जेकबसन यांनी 1988 मधे हाच वेग आवरण्याचा उपाय मांडला. मधे हवालदार नाही, जो तो आपापलं आवरतो (जवाहर मार्गावर संध्याकाळी हे कुणाला सांगून बघा).

रांग लांबली की ती खूणच उशिरा पोचते. म्हणून आम्ही राउटरमधे अपलोड मुद्दाम 9 एमबीपीएसवर बांधलं, म्हणजे रांग मोडेममधे न लागता आपल्या ताब्यातल्या राउटरमधे लागते, आणि त्यात एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळणारी सेटिंग चालू केली. प्रत्येकाची रांग वेगळी, पाळी सगळ्यांना, आणि फार वेळ रेंगाळलेलं पॅकेट गळतं. त्यातली रेंगाळलेलं गाळायची पद्धत, कोडेल, हीसुद्धा जेकबसन आणि कॅथलीन निकोल्स यांचीच, 2012 ची. बॅकअप आता पहाटेपर्यंत चालतो, कुणाला पत्ताही नसतो.

पण कंपनीच्या राउटरमधे ही सेटिंगच नव्हती, दुसरा घ्यावा लागला. कंपन्यांनी ती चालू करूनच राउटर द्यावा आणि जाहिरातीत अपलोडचा आकडाही मोठ्या अक्षरात छापावा. आम्ही पुढच्या महिन्यात परत शंभरवर येतोय.

एक वाचक, इंदूर