पाळकसाहेब, छत्री अजून आमच्याकडेच आहे

आदरणीय पाळकसाहेब,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुमच्या निरोपाच्या उपासनेत सगळे बोलले, मी मात्र मागे चहाचे कप भरत राहिले. तेव्हाचं राहिलेलं आज लिहिते. सगळ्यांसमोर लिहिते, कारण मंडळीतल्या आणखी दोन-चार घरांचं हेच म्हणणं आहे.

ताईला शिवडीच्या दफनभूमीत ठेवून आलो तेव्हा भायखळ्याच्या आमच्या खोलीत माणसं मावत नव्हती. दीड वर्ष परळच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या खेपा, केमो, उपास, साखळी प्रार्थना, सगळं करून झालं होतं. येणारा प्रत्येक जण आईला काहीतरी ऐकवून जायचा. चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात. रडू नका, ती सुखात आहे. एका काकूंनी तर विश्वास कुठे कमी पडला ते तपासायला सांगितलं! तुम्ही आलात, ओली छत्री गॅलरीत टांगलीत आणि आईशेजारी चटईवर बसलात. तासभर. बायबल पिशवीतून काढलंच नाहीत. खरं सांगते, मला राग आला होता. पाळकाने निदान एखादं वचन तरी वाचावं की नाही?

त्या रविवारी तुम्ही बायबलमधलं 88वं स्तोत्र घेतलंत. विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, काळोखातच संपतं. तुम्हीही तिथेच थांबलात. सवयीने कुणीतरी ‘आमेन’ म्हणायला गेलं आणि अर्ध्यातच गप्प झालं. मग नुसती पंख्यांची घरघर. असं बोलणंही पवित्र शास्त्रात आहे, एवढंच तुम्ही म्हणालात आणि सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांकडे वळलात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर. शिवडीहून आल्यापासून आई त्या दिवशी पहिल्यांदा रडली, भर उपासनेत, पदर तोंडाला लावून.

मंडळीच्या पंचांनी नंतर कुरकुर केली, ते कानावर आलं. लोक आठवडाभर लोकलचे धक्के खाऊन येतात, त्यांना उभारी द्या, म्हणे. उभारी तुम्ही दिलीत की! घाई केली नाहीत, इतकंच. ईस्टरला शंका घेणाऱ्या शिष्याचा, थोमाचा उतारा घेऊन तुम्ही म्हणालात, कबरेतून उठलेल्या प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच. आईने मान वर करून ऐकलं. पावसाळ्यातला तो रविवार झाला नसता, तर हे तिच्या कानांवरून गेलं असतं.

आई आता महिला मंडळात पुन्हा जाते. कुठे मयत झाली की जाऊन बसते, बोलत फारसं नाही. ताईवरून तिचं देवाशी भांडण अजून चालू आहे; प्रार्थनाही चालू आहे.

बाईंना सलाम सांगा. छत्रीची एक काडी मोडली होती, ती बसवून घेतली आहे. पावसाआधी घेऊन जा, चहा टाकते.