त्यागराजांपर्यंत नेणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही एक मजला खाली राहता, हे पत्र हातातही देता आलं असतं. तरी सगळ्यांसमोर लिहितेय, कारण नोकरीसाठी चेन्नईत येऊन राहिलेली माझ्यासारखी पुष्कळ मराठी माणसं आहेत. डिसेंबर-जानेवारीत इथल्या सभांमधून, म्हणजे संगीतसंस्थांच्या मैफलींतून, कर्नाटक संगीत ऐकू येतं, ते मोठं आहे हेही कळतं, पण आत शिरायची वाट सापडत नाही. भीमसेनजी, किशोरीताई ऐकत वाढलेल्या मला ती तुम्ही दाखवलीत. दुपारची तुमची झोप मोडून, वहीत तेलुगू ओळी देवनागरीत उतरवून देऊन.

कर्नाटक संगीताचे संत-रचनाकार त्यागराज सांगताना तुम्ही चमत्कारांपासून सुरुवात केली नाहीत, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आधी नकाशा काढलात. 1767 साली तिरुवारूरला त्यांचा जन्म, मग कावेरीकाठचं तिरुवैयारू, तिथून तंजावर तेरा-एक किलोमीटर, आणि तंजावरच्या गादीवर भोसले! शाळेत आम्ही व्यंकोजीराजांचं नाव एका ओळीत संपवलं होतं. तेलुगू घरात जन्मलेला, तमिळ मुलखात राहणारा, मराठी राजाच्या राज्यात रामाची गाणी रचणारा हा माणूस, आणि तुम्ही स्वतः त्याच मुलखातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी. तुमच्या तोंडून तो परका वाटणं शक्यच नव्हतं.

तंजावरच्या सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं आणि त्यागराजांनी ‘निधि चाल सुखमा’ म्हणून नकार दिला, ही गोष्ट सांगताना तुम्ही बजावलंत की ही परंपरेनं आलेली हकीकत आहे. थोरल्या भावानं चिडून रामाची मूर्ती कावेरीत टाकली, तीही तशीच. मग तुम्ही म्हणालात, आता गाणं ऐक. कल्याणी राग, माझ्या कानाला लगेच यमन सापडला. धनात सुख जास्त, की रामाच्या सान्निध्यात? ममतेत अडकलेल्या माणसांची स्तुती करण्यात सुख, की रामाच्या कीर्तनात? राजाचं बोलावणं आलं असेल-नसेल, हा प्रश्न विचारणारा माणूस मात्र खरा होता. दारोदार भजन म्हणत उंछवृत्तीनं मिळेल त्यावर तो घर चालवत होता. त्याच दुपारी तुम्ही संगती दाखवल्यात. एकच ओळ, शब्द तेच, पण प्रत्येक फेरीला सूर थोडे जास्त उलगडत जातात. हे काम त्यागराजांनी फार पुढे नेलं. एरवी मी त्याला नुसती पुनरावृत्ती समजून चालले असते.

पण तुमचं खरं ऋण पंचरत्नांचं, म्हणजे त्यागराजांच्या पाच थोर कृतींचं आहे. देव्हाऱ्यात हात जोडून बसलेला संत माझ्या डोक्यात होता. तुम्ही गौळ रागातलं ‘दुडुकु गल’ उघडलंत, आणि त्यात हा एवढा मोठा वाग्गेयकार, शब्द आणि सूर दोन्ही रचणारा, स्वतःच्या दोषांची यादी वाचतोय. स्वर-लय कळत नसताना, दगडासारखं मन असताना आपण थोर भक्तांच्या बरोबरीचे आहोत असं म्हणवून घेतलं, हाही त्यातलाच एक दोष. लगेच पुढचं, आरभीतलं ‘साधिंचेने’. तिथे देवालाच धारेवर धरलंय: सन्मार्गाचे उपदेश केलेस, ते स्वतःच खोटे पाडलेस आणि आपला हट्ट तेवढा तडीस नेलास! असं देवाशी भांडणं मला तुकोबांमुळे ओळखीचं होतं. तेव्हा तुम्ही ‘प्रह्लाद भक्ति विजयमु’ या त्यांच्या संगीत नाटकाचा आरंभ काढलात. तिथे पुरंदरदास, तुलसीदास, भद्राचलम रामदास यांच्या बरोबरीनं नामदेव, ज्ञानदेव आणि तुकाराम यांना वंदन आहे. काकू, त्या दिवशी मला काही बोलता आलं नाही. ते आत्ता लिहितेय.

त्यागराजांच्या लेकीच्या लग्नाची गोष्टही तुम्हीच सांगितलेली. वालाजापेटचे शिष्य वेंकटरमण भागवतर रामाचं चित्र घेऊन चालत आले आणि ते पाहून त्यागराजांनी मोहनम रागात ‘ननु पालिंप’ गायलं, असं सांगतात: मला सांभाळायला तू चालत आलास? 6 जानेवारी 1847 ला त्यागराज गेले. त्यांची सातशेच्या आसपास गाणी आज आपल्याकडे आहेत, ती अशाच शिष्यांनी लिहून ठेवली, कंठात जपली म्हणून.

आणि बंगळूर नागरत्नम्मा! हे नाव मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. देवदासी घराण्यातली ही गायिका. तिरुवैयारूची समाधी दुर्लक्षित पडली होती, ती हिनं आपली कमाई घालून 1920च्या दशकात उभी केली. एवढं करूनही तिथल्या आराधनेत, म्हणजे त्यागराजांच्या पुण्यतिथीच्या उत्सवात, बायकांनी गायचं नाही असा दंडक होता, तेव्हा हिनं बायकांचा वेगळा गट काढला. पुढे 1940च्या सुमारास गट एक झाले आणि स्त्री-पुरुष एकत्र बसून गाऊ लागले. 1952 मध्ये त्या गेल्या. त्यांचीही समाधी तिथेच जवळ आहे. पौष वद्य पंचमीला, त्यागराजांच्या पुण्यतिथीला, तुम्ही मला तिरुवैयारूला नेलंत, तेव्हा त्यागराजांच्या आधी मला त्यांच्यापुढे उभं केलंत. त्या क्रमाबद्दल वेगळे आभार.

वहीची झेरॉक्स काढून घेतलीय, मूळ वही या पत्रासोबत परत पाठवतेय. मागच्या पानांवर माझ्या शंका पेन्सिलीनं लिहिल्यात, तेवढ्या सवडीनं बघा. पंचरत्नांतलं वराळी रागातलं ‘कनकन रुचिरा’ अजून आपलं शिकून व्हायचंय. रविवारी चार वाजता येऊ का? कॉफी मी करेन.

तुमची,
वरच्या मजल्यावरची