‘थेट बसतो’ म्हणून दिलेल्या मागच्या शॉकअपबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: तक्त्यातील चुकीच्या माहितीमुळे मागचा टायर मडगार्डला घासल्याबाबत, शॉकअप परत घेण्याबाबत आणि तक्ता दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची छोटी मोटरसायकल मी चार वर्षे रोज चालवतो आहे. इंजिनाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मागचा शॉकअप मात्र थकला होता. लांब वळणात रस्ता जरा खालीवर झाला की मागचा भाग दोन-तीन वेळा डोलायचा आणि गाडी धरलेली रेघ सोडायची. मूळ शॉकअपला रिबाउंडचे सेटिंगच नाही, त्यामुळे स्प्रिंग परत उसळते ती आवरण्याचा काही उपाय हाती नव्हता. पुन्हा तसाच नवा घेण्यापेक्षा आपल्याच मोठ्या मॉडेलचा, गॅसचा आणि रिबाउंड सेटिंगवाला शॉकअप बसवावा असे वाटले.

हे मी कुणाच्या सांगोवांगीवर केलेले नाही. आपल्या सुट्या भागांच्या तक्त्यात या शॉकअपसमोर माझ्या मॉडेलचे नाव छापलेले आहे. बुश ते बुश (दोन्ही टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली) लांबी 300 मिमी, बोल्ट तेच, आणि शेवटच्या रकान्यात ‘थेट बसतो’. एवढ्यावरही न थांबता मी मदत क्रमांकावर फोन केला आणि भाग क्रमांक व गाडीचे मॉडेल सांगून विचारले. ‘काही बदल करावा लागणार नाही, बिनधास्त बसवा’ असे उत्तर मिळाले.

शॉकअप बसला खरोखर विनासायास. दोन बोल्ट काढले, दोन घातले. पण पहिल्याच दिवशी गाडी वळणात जड वाटू लागली. मी बसल्यावर मागचा भाग पूर्वी 34 मिमी दबायचा, तो आता 44 मिमी दबत होता. मागून 10 मिमी खाली बसलेल्या गाडीचे हँडल आळशी होते: पुढचा फोर्क मागे कलतो, गाडी वळायला वेळ घेते आणि वळणातून बाहेर पडताना रस्त्याच्या कडेकडे ओढली जाते. जो त्रास घालवायला मी खर्च केला, त्यात ही भर पडली.

पुन्हा फोन केला. ‘स्प्रिंगचा प्रीलोड वाढवा’, म्हणजे वजन येण्याआधीच स्प्रिंग थोडी जास्त दाबून ठेवा, म्हणून सांगण्यात आले. मी 6 मिमी वाढवला. गाडी वर आली, मी बसल्यावर मागचा भाग 29 मिमीच दबू लागला. पण प्रीलोड वाढवल्याने गाडी फक्त उंच होते, स्प्रिंग कडक होत नाही. प्रत्येक उंचवट्यानंतर मागचा भाग पूर्वीसारखाच, किंबहुना जास्तच, डोलत राहिला. रिबाउंडचे सेटिंग शेवटपर्यंत आवळले तरीही.

त्यानंतरच्या आठवड्यात पत्नीसह डबलसीट जाताना रस्त्यातला एक खोलगट भाग अचानक समोर आला. गाडी खाली गेली तेव्हा मागून घर्र असा आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास आला. थोड्या वेळाने मागून येणाऱ्या एका गाडीवाल्याने बाजूला येऊन सांगितले की तुमचा मागचा दिवा बंद आहे. अंधार पडत आलेला होता. गाडी बाजूला घेऊन खाली वाकून पाहिले, तर मडगार्डच्या आतल्या बाजूला टायरने घासून चार बोटे रुंद चकचकीत पट्टा तयार केला होता. दिव्याची वायर जिथे क्लिपमध्ये बसते तिथे वरचे प्लॅस्टिक सोलून तांबे उघडे पडले होते. जास्त वेग असता आणि टायर तिथे अडला असता तर काय झाले असते, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

चूक माझी की तक्त्याची, हे मला समजून घ्यायचे होते. माझ्या मित्राकडे आपले ते मोठे मॉडेल आहे. आम्ही दोन्ही गाड्या शेजारी शेजारी स्टँडवर उभ्या केल्या, शॉकअप काढले आणि मागचे चाक जॅकने 10-10 मिमी उचलत प्रत्येक वेळी शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधले अंतर मोजले. त्यातून उलगडा झाला. माझ्या गाडीवर चाक 60 मिमी वर गेले की शॉकअप सरासरी 24 मिमी दबतो. मित्राच्या गाडीवर तेच चाक 60 मिमी गेले की 30 मिमी दबतो. म्हणजे माझ्या गाडीच्या लिंकेजचे (चाकाची हालचाल शॉकअपपर्यंत पोचवणाऱ्या जोडणीचे) प्रमाण 2.5, त्याच्या गाडीचे 2.

मग स्प्रिंगा पाहिल्या. मेकॅनिककडच्या प्रेसखाली वजनकाटा ठेवून दोन्ही 10 मिमी दाबल्या. माझ्या जुन्या स्प्रिंगला सुमारे 122 किलो लागले, मोठ्या गाडीच्या स्प्रिंगला 102. अवजड गाडीची स्प्रिंग मऊ कशी, असा प्रश्न आम्हालाही पडला. पण चाकापाशी जाणवणारा कडकपणा काढायला स्प्रिंगच्या आकड्याला प्रमाणाच्या वर्गाने भागावे लागते. मित्राच्या गाडीवर चाक 10 मिमी वर जायला ही स्प्रिंग चाकावर 25.5 किलो मागते. तीच स्प्रिंग माझ्या गाडीवर जेमतेम 16 किलो मागते, आणि माझी जुनी, साधी स्प्रिंग 19.5 किलो मागत होती. डँपिंगलाही, म्हणजे डोलणे शमवण्याच्या शॉकअपच्या ताकदीलाही, हाच वर्गाचा हिशोब लागू होतो. रिबाउंड कितीही आवळले तरी गाडी का डोलत होती, ते इथे कळले.

टायर का घासला तेही सांगतो. आपल्या माहितीपत्रकात दोन्ही गाड्यांच्या मागच्या चाकाची वर-खाली चाल 120 मिमीच दिली आहे, म्हणून कुणालाही सगळे सारखेच वाटेल. पण 120 मिमी चालीसाठी माझ्या गाडीच्या शॉकअपला 48 मिमी स्ट्रोक (दबण्याचे अंतर) लागतो आणि मोठ्या गाडीच्या शॉकअपला 60. तो 60 मिमीचा शॉकअप माझ्या गाडीवर पूर्ण दबला तर चाक 150 मिमी वर येते. वरच्या 30 मिमीत चाकासाठी जागाच नाही, तिथे मडगार्ड आहे. आतला रबरी बंपर वेळेत आडवा येईल असे म्हणावे, तर तोही 60 मिमीच्या हिशोबाने बसवलेला.

दोन शॉकअपच्या जुन्या गाड्यांवर लांबी आणि बोल्ट जुळवून शॉकअप बदलण्याची पद्धत बऱ्यापैकी चालून जात असे, कारण ते चाकाच्या ॲक्सलजवळच बसायचे आणि चाक जेवढे हलेल जवळपास तेवढेच तेही हलायचे. लिंकेजच्या एकेरी शॉकअपला ती पद्धत लावता येत नाही. हे आपल्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक आहे. दोन्ही लिंकेज त्यांनीच आखली आहेत. तरीही तक्ता करताना फक्त लांबी आणि बोल्ट पाहिले गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या सेवा केंद्राने मला लेखी दिले आहे की ‘दुसऱ्या मॉडेलचा भाग बसवल्यामुळे कंपनी जबाबदार नाही’. तो दुसऱ्या मॉडेलचा भाग माझ्या मॉडेलसाठी आपणच विकलात. तक्त्याचे ते पान, खरेदीची पावती, मडगार्डचे व वायरचे फोटो आणि आमच्या मोजमापांचा कागद या पत्रासोबत जोडला आहे. शॉकअप म्हणून तो वाईट आहे असे मी म्हणत नाही, मित्राच्या गाडीवर तो उत्तम चालतो.

शॉकअपची पूर्ण किंमत आणि मडगार्ड व वायरिंगचा खर्च मला परत मिळावा, ही माझी मागणी आहेच. पण त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे तक्त्यातली ती ओळ आजच काढावी आणि माझ्यासारखाच हा शॉकअप छोट्या मॉडेलसाठी ज्यांनी नेला त्या सर्वांना फोन करून कळवावे. आपल्याकडे प्रत्येक पावतीवर गाडीचा क्रमांक आणि फोन नोंदलेला असतो, त्यामुळे हे अवघड नाही. त्यातले काहीजण आत्ता याच क्षणी डबलसीट जात असतील. तसेच यापुढे प्रत्येक शॉकअपसमोर लांबीबरोबर स्ट्रोक, स्प्रिंगचा कडकपणा आणि ज्या गाडीसाठी तो बनवला तिच्या लिंकेजचे प्रमाण छापावे. एवढे आकडे समोर असते तर मी कागदावर पाच मिनिटांत हिशोब करून तो घेण्याचा विचार सोडून दिला असता.

जुना शॉकअप मी पुन्हा बसवला आहे. आपला शॉकअप पुसून मूळ खोक्यात ठेवला आहे, त्याचे बुश आणि बोल्ट वेगळ्या पिशवीत आहेत. तो न्यायला माणूस कधी पाठवता ते कळवावे.

आपला,
छोट्या मॉडेलचा एक ग्राहक