काळजिन्याच्या पायऱ्या मोजणाऱ्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

माझ्या कादंबरीतला काळजिना तुम्ही उभा केलात, म्हणून हे उघड पत्र.

डोंगराच्या कड्यात कोरलेला दहा हजार पायऱ्यांचा जिना, वर राक्षसांचं ठाणं, आणि नायिका एका रात्रीत माथ्यावर. कच्चं चित्र तुमच्यापुढे मोठ्या ऐटीत ठेवलं होतं. जन्मभर दगडी पायऱ्या बसवलेल्या तुम्ही एवढंच विचारलंत, "एक पायरी किती उंच?" मी म्हटलं, अर्धा मीटर. तुम्ही बोटांवर हिशेब केलात. "म्हणजे पाच किलोमीटर उभी चढण. पोरगी माणूसच आहे ना?"

तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू! कल्पनेतल्या जगात कसली आलीय मोजपट्टी? पण घरी येऊन पायरी 18 सेंटिमीटरची केली आणि चढण 1,800 मीटरवर आली. उंचीच्या दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, या हिशेबाने माथा पायथ्यापेक्षा जवळजवळ 12 अंशांनी गार. नायिकेला घोंगडी लागली, ओझं वाढलं, चाल मंदावली. दोन प्रकरणं आपोआप सुचली.

तुमचं खरं देणं मात्र पुढचं. भीती वाटावी म्हणून मी पायऱ्या वेड्यावाकड्या काढल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "सगळ्या वाकड्या असल्या की माणूस जपून चालतो. सगळ्या सारख्या ठेव, एकच बोटभर उंच कर." चार पायऱ्यांत पायाला माप पाठ होतं, मग डोळे खाली बघतच नाहीत. आणि घात उतरताना जास्त, हेही तुमचंच.

पायरीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, नाहीतर पाणी साचतं, हे सांगितलंत. मी मुद्दाम तो उतार काढून टाकला! साचलेलं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, फटीत शिरलं की दगड फोडतं. राक्षसांचे पहारेकरी आता कथेत नाहीत, त्यांचं काम बर्फच करतो.

नायिका माथ्यावरून सुखरूप निघते. 4,312व्या पायरीवर तिची टाच अडकते. ती पायरी तुमची.

कठडा घाल, असं तुम्ही तीनदा बजावलंत. तेवढं नाही ऐकलं, माफ करा.

तुमचा ऋणी,
जिना कागदावरच चढलेला एक लेखक