जुन्या हॉटेलांना नुसती रंगरंगोटी पुरत नाही

संपादक महोदय,

विसाव्या शतकाच्या मध्यात बांधलेली शहरांतली हॉटेले आता दुरुस्तीला आली आहेत. आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) दुरुस्तीत माझी हयात गेली, म्हणून कळकळीने लिहितो. या इमारतींचे खरे दुखणे गिलाव्याच्या आत असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरतो, सळयांना गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्मीपणा घटतो आणि सळया गंजू लागतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. मग स्लॅबचे पोपडे सुटतात. त्यावर नवा गिलावा चढवणे ही शुद्ध फसवणूक आहे. आधी सैल भाग फोडा, सळई उघडी करून गंज काढा, मगच भरा.

आतल्या वस्तूंचेही तेच: वरवरचे नवेपण नको, मूळ ते राखावे. कोपनहेगनमध्ये डॅनिश वास्तुरचनाकार आर्ने याकोबसेन यांनी रचलेल्या १९६० च्या हॉटेलातली ६०६ क्रमांकाची खोली मूळ रूपात राखली आहे. टोकियोच्या ओकुरा हॉटेलची १९६२ ची मुख्य इमारत मात्र पाडली आणि २०१९ मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीत जुनी लॉबी पुन्हा घडवली. देखणी असेल, पण माझ्या मते ते जतन नव्हे. मोझॅकची फरशी उखडण्याआधी मालकांनी ती एकदा मशीनने घासून तरी पाहावी.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता