लाळेची चाचणी येईल तेव्हा येईल, आधी 'आ करा' म्हणा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लाळेतल्या प्रथिनांवरून तोंडाचा कॅन्सर ओळखता येईल, ही बातमी आपल्या अंकात वाचली. माझी तीस वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त-थुंकी तपासण्यात गेली, त्यामुळे ती दोनदा वाचली. पण त्याच सकाळी बसस्टँडवर एकजण तळहातावर तंबाखू-चुना मळत शेजारच्याला सांगत होता, "आता थुंकीवरच कळणारे, मग कशाला भ्यायचं?" म्हणून हे पत्र.

बातमी खोटी नाही. गाठ वाढताना आजूबाजूचा भाग सुजतो, तिथून सुजेची प्रथिनं आणि गाठीला वाट करून देणारी विकरं सुटतात आणि लाळेत उतरतात. इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ ही सुजेची प्रथिनं आणि एमएमपी-९ हे विकर, ही त्यांतली काही नावं. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली पाच प्रथिनं एकत्र मोजली, तेव्हा १०० रुग्णांमागे ९० सापडले. मात्र निरोगी माणसांतही १०० मागे १७ जण रुग्ण ठरले. हजार निरोगी माणसांच्या गावात याच हिशेबाने १७० जणांची झोप उडेल. शिवाय इंटरल्युकिन साध्या हिरड्यांच्या सुजेनेही वाढतं, आणि मिश्रीने घासलेल्या, चुन्याने पोळलेल्या तोंडात हिरड्या धड राहतात कुठे? तिकडच्या लाळेवर ठरवलेली रेघ इकडे चालेलच असं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. हे संशोधन खान्देशातल्या लाळेवरही व्हावं, आणि मिश्री लावणाऱ्या बायांच्या लाळेवर तर सगळ्यांत आधी.

बायांचं मुद्दाम लिहितो. माझी आक्का पहाटे चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजायची. मिश्री लावल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तर "उष्णता झाली" म्हणून गुलकंद खात राहिली. मधे गावात आरोग्य शिबिर झालं. बीपी पाहिला, साखर पाहिली, गोळ्या दिल्या. "मावशी, आ करा" असं कोणी म्हटलं नाही. रोज परक्यांचे नमुने तपासणारा मीही कधी तिच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं नाही, ते मला आजही खातं. तुकडा तपासायला गेला तोवर मानेत गाठी आल्या होत्या. मग भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबईच्या वाऱ्या. अर्धा जबडा काढला. त्यानंतर दीड वर्ष जगली, त्यातलं बरंचसं नळीवर.

तिला प्रथिनांच्या चाचणीची गरजच नव्हती. चट्टा डोळ्यांना दिसत होता.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली. ते डॉक्टरही नव्हते. २००५ साली निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडेही ३० ते ६५ वयाच्या प्रत्येकाचं तोंड पाच वर्षांतून एकदा तपासावं, असं सरकारी कार्यक्रमात लिहिलेलं आहे. कागदावरचं ते काम आठवडे बाजारात, कापूस वेचणीच्या शेतात, रेशनच्या रांगेत नेऊन ठेवा. आशाताईंच्या पिशवीत चांगली बॅटरी द्या आणि चट्टा सापडला की पुढे कुठे पाठवायचं, त्या डॉक्टरचं नाव द्या. लाळेची चाचणी उद्या आली तरी तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं होणार नाहीच.

आपल्याला एक विनंती. आठवड्यातून एकदा छोटी चौकट छापा: दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात तीन बोटं न जाणं, यातलं काहीही असेल तर दाखवून घ्या. पुरुष गुटखा-तंबाखूचं नाव वाचून थांबतील. बायांना ती चौकट आपली वाटायला हवी, म्हणून 'मिश्री' हा शब्द तेवढ्याच ठळक अक्षरांत असू द्या.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
चोपडा, जि. जळगाव