लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का, तेही तपासावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्यात कृष्णानगर येथे जलसंपदा विभागाच्या जागेवर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला संलग्न ५०० खाटांचे रुग्णालय उभारण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हापासून त्याविषयीच्या बातम्या मी नेमाने वाचत आलो आहे. महाविद्यालयाची १०० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी २०२१-२२ मध्ये दाखल झाली आणि तिचे शिक्षण जिल्हा रुग्णालयाच्या आधाराने सुरू झाले. पाटण, जावळी, माण, खटावच्या रुग्णाला खंबाटकी घाट ओलांडून पुण्याला ससूनमध्ये न्यावे लागू नये, ही या जिल्ह्याची जुनी गरज आहे. म्हणूनच या इमारतीची शासकीय तपासणी कशी व्हावी, याबद्दल चार शब्द लिहीत आहे.

माझी सारी नोकरी सरकारी बांधकामांवर शाखा अभियंता म्हणून गेली. मोठ्या कामाच्या आढावा बैठकीत वरून येणारे प्रश्न आम्हाला पाठ असत : काम किती टक्के झाले, निधी किती खर्ची पडला, मुदतवाढ मागितली आहे का. लेखापरीक्षणाचे पथक आले की प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, दरसूची, मोजमाप पुस्तिका आणि देयके एकमेकांशी जुळतात का, हे पाहिले जाई. जादा बाब मंजुरीशिवाय केली असेल किंवा सुधारित मान्यता उशिरा घेतली असेल, तर आक्षेप निघे. हे सगळे आवश्यकच आहे, कारण सरकारी पैसा गळतो तो याच फटींतून. मात्र या साऱ्या तपासणीत रुग्ण कोठेच येत नाही, हे मला नोकरीत असताना कधी जाणवले नव्हते. ते निवृत्तीनंतर जाणवले, आणि तेही घरच्याच प्रसंगाने.

माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा तिला आम्ही एका सरकारी रुग्णालयात नेले. इमारत नवी होती, फरशी चकचकीत होती, शस्त्रक्रियागृह दुसऱ्या मजल्यावर होते आणि लिफ्टही चालू होती. स्ट्रेचर लिफ्टच्या दारात नेले तेव्हा ते निम्मे आत आणि निम्मे बाहेर राहिले. लिफ्टची आतली खोली जेमतेम चार फूट आणि स्ट्रेचर साडेसहा फुटांचे! रॅम्प नव्हता. शेवटी आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून, पोटाभोवती चादर बांधून, दोन वॉर्डबॉय आणि माझा पुतण्या यांनी जिन्याने वर नेले. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी करावी लागली, तेव्हा आईने कठडा घट्ट धरला आणि तो सोडेना. सवयीप्रमाणे मी नंतर चौकशी केली. निविदेत ‘आठ व्यक्तींची लिफ्ट’ असे लिहिले होते आणि आलेली लिफ्ट आठ व्यक्तींचीच होती. दर बरोबर, मोजमाप बरोबर, देयक बरोबर. लेखापरीक्षणात त्या बाबीवर एकही आक्षेप नव्हता, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मी तपासले असते तरी काढला नसता.

दुसरी अडचण वेळेची आहे. राज्यातील सार्वजनिक आरोग्याच्या पायाभूत सुविधांवरचा, २०१६-१७ ते २०२१-२२ या काळाचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळापुढे आला तो डिसेंबर २०२४ मध्ये. त्यानंतर विभागांचे खुलासे, मग लोकलेखा समितीपुढे साक्ष, मग समितीच्या शिफारशी. हा क्रम घटनेला आणि नियमांना धरून आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तोवर भिंतींना तिसऱ्यांदा रंग लागलेला असतो, आणि चुकीच्या जागी बसवलेली लिफ्ट कोणी उखडून काढत नाही.

याच्या उलट उदाहरण स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराचे आहे. तेथे लहान मुलांचे नवे रुग्णालय ९ जुलै २०१९ रोजी सुरू व्हायचे होते. आरोग्यमंत्र्यांनी ते अवघे पाच दिवस आधी, ४ जुलैला थांबवले. कारण अतिदक्षता विभागात तासाला दहा वेळा हवा बदलली जायला हवी होती आणि प्रत्यक्षात यंत्रणा चारच वेळा बदलेल अशी बसवली होती. मूळ चूक कित्येक वर्षांपूर्वीच्या खोलीनिहाय तक्त्यातील, म्हणजे कोणत्या खोलीत काय हवे हे सांगणाऱ्या तक्त्यातील, एका आकड्याची होती. तोच आकडा कागदावरून कागदावर उतरत गेला आणि शेवटी छतावरच्या हवेच्या वाहिनीत जाऊन बसला. इमारत फेब्रुवारीतच ताब्यात घेतलेली असल्याने रिकाम्या वास्तूसाठी दरमहा सुमारे १४ लाख पौंड मोजले जात होते, आणि मुलांचे विभाग तेथे पूर्णपणे हलायला मार्च २०२१ उजाडला. पुढे याची स्वतंत्र सार्वजनिक चौकशी झाली. फजिती त्यांचीही झालीच, पण मूल आत जाण्यापूर्वी झाली. पत्रिका वाटून झाल्यावर आपल्याकडे उद्घाटन कोणी थांबवले असते का, याची मला शंका आहे.

आपल्याकडे ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. राज्यात २००६ चा आगप्रतिबंधक कायदा आहे आणि त्यानुसार दर जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. तरीही प्रत्येक मोठ्या आगीनंतर ‘तातडीने फायर ऑडिट’ करण्याचे आदेश निघतात, यावरून आधीच्या प्रमाणपत्रांचे काय होत होते हे समजते. आपल्या जिल्ह्याला तर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण आहे. भारतीय मानकाप्रमाणे रुग्णालयाची इमारत साध्या इमारतीच्या दीडपट भूकंपबल गृहीत धरून आराखडली पाहिजे. त्याची गणिते स्वतंत्र तज्ज्ञाने तपासली का, हा प्रश्न टक्केवारीच्या प्रश्नाआधी यायला हवा.

माझी मागणी साधी आहे. आतल्या भिंती, वाहिन्या आणि ऑक्सिजनच्या नळ्या झाकल्या जाण्यापूर्वी प्रत्येक विभागाचा खोलीनिहाय तक्ता तेथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांना दाखवावा आणि त्यांची सही घ्यावी. विशेषतः परिचारिकांची, कारण ऑक्सिजनचा पॉइंट खाटेच्या चुकीच्या बाजूला आला तर रात्रपाळीत नळी ओढत फिरायची वेळ त्यांच्यावरच येते. त्रयस्थ तांत्रिक तपासणीचे अहवाल आणि सुधारित मान्यतेची कारणे जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकावीत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगते, त्यासाठी नागरिकाने अर्ज करत बसण्याची गरज पडू नये. हस्तांतरण करतानाही केवळ बाबींच्या यादीवर बरोबरच्या खुणा न करता वीज तोडून जनरेटर किती वेळात सुरू होतो ते पाहावे आणि शस्त्रक्रियागृहातील हवा तासाला किती वेळा बदलते ते मोजावे.

लिफ्ट ताब्यात घेण्याच्या दिवशी माणूस निजवलेले स्ट्रेचर, शेजारी सलाईनचा स्टँड धरलेली परिचारिका, असे तळमजल्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत एकदा नेऊन पाहावे आणि त्याची नोंद घ्यावी. निजायला माणूस मिळत नसेल, तर मी येईन. वय ७१, उंची पाच फूट दहा इंच.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, सातारा